कचरा आला असन

बसस्टँडसमोर मी गाडी उभी केली ती भाजक्या शेंगा घ्यायला. गाडीत काही बिघाड नव्हता. इंजिन मीच बंद केलं होतं आणि किल्ली माझ्या हातात होती. तरी काच पुरती खाली व्हायच्या आत एक डोकं आत आलं, डॅशबोर्डाकडे दयेनं पाहिलं आणि म्हणालं, "कचरा आला असन."

हे मामा. सख्खे कोणाचेच नाहीत, पण मानोऱ्यात ज्याच्याकडे म्हणून चाक आहे त्या प्रत्येकाचे आहेत. पांढरा पायजामा, वर बुशशर्ट, आणि खिशाला पेनाच्या जागी पिवळ्या दांड्याचा टेस्टर. टेस्टर विजेच्या कामाचा असतो असं आपण समजतो. मामा त्याचं टोक इंजिनाला टेकवतात, दांडा कानाला लावतात आणि डोळे मिटतात. जमलेले लोक आपोआप गप्प होतात. एक ट्रॅक्टरवाला तर चक्क चप्पल काढून उभा राहिलेला मी पाहिला आहे. मग मामा डोळे उघडतात आणि काय म्हणतात ते तुम्हाला आता ठाऊक झालंच आहे.

मामा एसटीत होते. हे वाक्य ते मुद्दाम एवढंच ठेवतात. "आमी एसटीत अठ्ठावीस वर्सं काहाडले," असं म्हणून लगेच १ जून १९४८ ला पहिली एसटी पुण्याहून नगरला कशी निघाली त्यावर येतात, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की त्या गाडीचं हँडल यांनीच मारलं असणार. खरं म्हणजे मामा कारंजा आगारात तिकीट व रोकड शाखेत होते. सकाळी ट्रेमध्ये तिकिटांचे गठ्ठे भरून द्यायचे, संध्याकाळी कंडक्टरची चिल्लर मोजून घ्यायची. गाडीशी संबंध वर्षातून एकदा, दसऱ्याला, टायरखाली लिंबू ठेवण्यापुरता. पण आगाराच्या हवेतच डिझेल असतं. अठ्ठावीस वर्षं त्यात श्वास घेतल्यावर काहीतरी अंगात उतरणारच.

आणि कचऱ्याचं निदान अगदीच पोकळ होतं असं मी म्हणणार नाही. कार्बोरेटरच्या जेटचं भोक सुईच्या टोकाएवढं. त्यात धुळीचा एक कण अडकला तरी गाडी खोकायला लागते. खेड्यापाड्यांत पानठेल्यावर बाटलीतून पेट्रोल मिळायचं. ती बाटली आधी कशाची होती ते ठेलेवाल्यालाही आठवत नसे. त्या दिवसांत डोळे झाकून "कचरा" म्हणणारा माणूस दहातून सहा वेळा बरोबर यायचा. एवढी टक्केवारी तर आमच्या दहावीच्या निकालाची नव्हती. भानगड एवढीच की मामा उरलेल्या चार वेळाही तेच म्हणत. आणि गाडीपुरतंच म्हणत नसत. नळाला पाणी नाही: लाइनीत कचरा. टीव्हीवर मुंग्या: वरूनच कचरा येऊन राह्यला. घरमालकाच्या पोराला गणितात नऊ मार्क पडले, तेव्हा मामा काही बोलले नाहीत. टेस्टरनं त्याच्या डोक्यावर हलकेच टकटक करून पाहिलं फक्त.

मी मानोऱ्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवायला होतो. २००५ साली मी गाडी घेतली. १९९६ चं मॉडेल, तिसऱ्या हाताची, पांढरी, कार्बोरेटरवाली. नंबर एमएच ३०, म्हणजे अकोल्याचा, कारण ती जन्मली तेव्हा वाशिम अकोल्यातच होतं. १ जुलै १९९८ ला जिल्हा वेगळा झाला, नव्या गाड्यांना एमएच ३७ मिळू लागला, आमची मात्र माहेरचंच नाव लावून फिरत राहिली. मामांनी पहिल्याच दिवशी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली, टायरला लाथ मारली आणि म्हणाले, "अकोल्याची हाय. इकडं रमाले टाइम लागन."

मृगाचा पहिला पाऊस पडला त्या संध्याकाळी ते भिजत घरी आले. हातात निळी पन्नी, खताच्या थैलीच्या आत असते तसली जाड.

"सर, टाकीच्या झाकनातून पानी जाते पावसात. हे घाला खालून, आन् वरून झाकन आवळा."

मी घातली. पन्नी झाकणाखाली चौघडी करून, वरून झाकण असं आवळलं की पेट्रोलपंपावरच्या पोराला ते उघडताना दोनदा हात पुसावे लागत. एका थेंबानं आत जायची हिंमत केली नाही. मला स्वतःचं कौतुक वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, कारण त्याच आठवड्यात मी वर्गात हवेचा दाब शिकवत होतो. पत्र्याच्या डब्यात पाणी उकळायचं, वाफ झाली की बूच लावायचं, वर गार पाणी ओतायचं, आणि डबा आपोआप चेपतो. पोरांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

जुलैपासून गाडी बंद पडायला लागली.

बंद पडायची तऱ्हा ठरलेली. पंधरा-सोळा किलोमीटर नीट जायची. मग चढावर एक हुचकी. ॲक्सिलरेटर दाबला तर आणखी दोन हुचक्या, मग धडपडत, अंग टाकत, रस्त्याच्या कडेला. पहिल्यांदा हे दिग्रस रोडवर झालं. मागून एसटी आली, थांबली, आणि तिच्यातून मामा उतरले. दिग्रसचं काम सोडून, काढलेलं तिकीट सोडून उतरले. कंडक्टर ओरडत होता, "मामा, पैसे परत नाई भेटत!" मामांनी मागे वळूनही पाहिलं नाही. मला वाटतं देवळात घंटा वाजल्यावर काही लोकांचे पाय जसे वळतात तसे मामांचे पाय उघड्या बॉनेटकडे वळतात.

"ओलं फडकं पाहिजे," मामा म्हणाले.

ओलं फडकं हा जुना आणि खरा इलाज आहे, तेवढंही सांगून टाकतो. इंजिनाला चिकटून असलेला पेट्रोल पंप मे महिन्यात इतका तापतो की आतल्या पेट्रोलची वाफ होते. पंपाला पेट्रोल ढकलता येतं, वाफ नाही. मग ओलं फडकं गुंडाळून पंप थंड करायचा. वऱ्हाडातल्या उन्हात ॲम्बॅसेडरवाले, जीपवाले फडकं आणि पाण्याची कॅन घेऊनच निघत. पण ही जुलैची गोष्ट आहे. पाऊस पडत होता. मामांनी भर पावसात माझा रुमाल घेतला, तो आधीच ओला होता तरी नियम म्हणून खड्ड्यातल्या पाण्यात बुडवला, आणि पंपाला गुंडाळला. मी छत्री धरून उभा. दहा मिनिटांनी मामा म्हणाले, "मारा सेल."

गाडी लागली.

पुढच्या वेळी मामांनी दगड घेऊन कार्बोरेटरला चार बाजूंनी ठोकलं, वर "कचरा खाली बसला" असा दाखलाही दिला. दहा-पंधरा मिनिटांनी गाडी लागली. त्याच्या पुढच्या वेळी बॅटरीची टर्मिनल काढून नाण्यानं घासली. लागली. एकदा तर लिंबू उतरवून चाकाखाली ठेवलं, यात त्यांचा खरा अनुभव होता, आणि तेव्हाही लागली. मला कळेना की हा माणूस आहे की धन्वंतरी. इलाज कुठलाही असो, त्याला दहा-पंधरा मिनिटं लागत, आणि गाडी चालू होई. त्यात इलाजाचा वाटा किती आणि दहा मिनिटांचा किती, हा प्रश्न विज्ञानाच्या शिक्षकाला पडायला हवा होता. तो पडला नाही.

ऑगस्टपर्यंत मामा गाडीसोबतच यायला लागले. "गाडीले मानूस लागते," म्हणत. पुढच्या सीटवर मामा, मागे बायको आणि पोरगी. बायकोनं एकदा विचारलं, की ही गाडी आपण घेतली की मामांनी? मी म्हटलं, जरा हळू बोल.

त्यात एक विचित्र गोष्ट लक्षात यायला लागली. शंभराचं पेट्रोल टाकलं तर गाडी बरी चालायची. टाकी काठोकाठ भरली की हमखास बंद. मी हे मामांना सांगितलं. मामा गंभीर झाले. "जास्त पेट्रोल पचत नाई तिले. गरिबाघरची हाय. थोडं थोडं देत जा." आणि मी, बीएस्सी बीएड, महिनाभर तिला थोडं थोडं देत होतो.

मग पोळा आला. सासुरवाडी दिग्रसची, पुरणपोळीचं बोलावणं. सणाचा दिवस म्हणून मी टाकी फुल्ल केली, बायकोनं नवी साडी नेसली, मामा न सांगता पुढच्या सीटवर बसलेले होते. पंधरा किलोमीटर झाले, चढ आला, हुचकी आली. बायकोनं डोळे मिटून घेतले.

शेजारच्या शेतातून एक जण बैलजोडी घेऊन निघाला होता. शिंगांना बेगड, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरमाळा. मी म्हटलं, भाऊ, जरा चढ पार करून द्या, दोरी आहे माझ्याकडे. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याच्या आजोबांना हमाली सांगितली. "सर, आज? काल खांदेमळन केली, आवतन देल्लं त्यायले. आज आमी नांगराले नाई लावत, तुमच्या डब्ब्याले लावू काय?" बैलांनीही मान हलवली. मामा म्हणाले, "बराबर हाय त्याचं. आज गाडीलेबी सुट्टी पाहिजे होती."

सुट्टी काही मिळाली नाही. मामांनी शेवटचं अस्त्र काढलं. टाकीकडून पंपाला येणारा रबरी पाइप उपसला, तोंडात धरला आणि टाकीच्या दिशेनं फुंकायला सुरुवात केली. गाल लाल, डोळ्यांत पाणी. आतून कुठूनतरी बुडबुड आवाज आला. पाइप लावला, सेल मारला, आणि या खेपेला दहा मिनिटं नव्हे, लगेच गाडी लागली. मामांना स्वतःलाच आश्चर्य वाटलं असावं, कारण ते "कचरा" म्हणायला विसरले. दिग्रसला पोचल्यावर सासूबाईंनी आग्रहानं वाढलेल्या पुरणपोळीला, तुपाला आणि कढीला सगळ्याला पेट्रोलचाच वास येतो म्हणाले, आणि ढेकर आली की चुलीपासून लांब सरकत होते.

त्या रात्री बायकोनं सांगितलं, की आता एकतर गाडी नीट करा, नाहीतर ती मामांच्या नावावर करून द्या.

गॅरेजवाला मिस्त्री म्हणजे आयटीआय झालेलं एक पोट्टं. बोलायला कमी. मी त्याला तीन महिन्यांची कहाणी सांगत होतो, मामा मधूनमधून दुरुस्त करत होते. पोट्ट्यानं एकच प्रश्न विचारला.

"सर, मरते कशी? फट्टकन का रडत रडत?"

"म्हणजे?"

"बटन दाबलं का दिवा जाते, तशी गेली तं करंटचं काम हाय. कॉइल, पॉइंट, वायर. हुचक्या देत, दम लागून गेली तं पेट्रोल कमी पडून राह्यलं. कार्बोरेटरच्या वाटीत जेवढं हाय तेवढं जाळते, मंग जाते."

"रडत रडत," बायको म्हणाली. ती सोबत आली होती.

"आन् फुल्ल टाकीवर जास्त?"

"हो."

पोट्टं थांबलं, मागच्या चाकाकडे पाहिलं, पण काही बोललं नाही. कार्बोरेटरचा पाइप काढून बाटलीत सोडला, सेल मारला. पेट्रोल चळचळ आलं. फिल्टर स्वच्छ, पंपाचा पडदा शाबूत. दवाखान्यात नेलं की पोराचा ताप जसा उतरतो तशी गाडी गॅरेजात शहाण्यासारखी वागत होती.

"चालत्या गाडीत प्रेशर पाहा लागते," तो म्हणाला आणि आत जाऊन एक घड्याळ घेऊन आला. डॉक्टरच्या बीपीच्या मशीनचं गोल घड्याळ. पट्टा नाही, फुगा नाही, नुसती तबकडी आणि लांब नळी.

"हे माह्या बीपीचं हाय!" मामा ओरडले. त्यांना बीपीची गोळी चालू होती.

"भंगारातलं हाय मामा. या पंपाचं प्रेशर पाव किलो असते. टायरच्या गेजवर काटा हालतबी नाई एवढ्यानं. याच्यावर तीनशेपरयंत आकडे हायेत. पाव किलो म्हंजे याच्यावर एकशे ऐंशीच्या वर."

"पाव किलो? शेव घेतो काय?"

मला मात्र ऐकूनच बरं वाटलं. पारा सुमारे ७३६ मिलिमीटर म्हणजे चौरस सेंटीमीटरला एक किलो, त्याचा चौथा भाग १८४. पोट्ट्यानं कागदावर न मांडता ते हिशेबात बसवलं होतं. पंप आणि कार्बोरेटरच्या मध्ये पाइप कापून त्यानं टी बसवली, तिसऱ्या तोंडाला नळी, नळी बॉनेटच्या फटीतून बाहेर, आणि घड्याळ वायपरला सुतळीनं बांधलं. काचेतून मला आकडे दिसत होते. टाकी त्यानं मुद्दाम फुल्ल करायला लावली, झाकणाला मात्र हात लावला नाही. मीच नेहमीसारखं ते आवळलं.

आम्ही दिग्रस रोडला लागलो. काटा एकशे ऐंशीवर थरथरत होता. मामा आधी त्याच्याकडे पाहत, मग स्वतःच्या मनगटावर बोटं ठेवत. "मले एकशे साठ झालं होतं तं डाक्टरनं भरतीच करून घेतलं," ते म्हणाले. "हिले एकशे ऐंशी आन् ही पळून राह्यली."

सहा किलोमीटर, एकशे सत्तर. नऊ, दीडशे. मामांचा आवाज बारीक होत गेला. बारा, एकशे दहा. त्यांनी सवयीनं खिसा चाचपला. गोळी घरी राहिली होती. चौदाव्या किलोमीटरला काटा साठच्या खाली आणि पहिली हुचकी. मामांनी हातानं डॅशबोर्ड थोपटला, आजाऱ्याची उशी थोपटतात तसा. पंधराव्याला काटा वीसवर, आणि गाडी गेली.

मामा टेस्टर काढून उतरायला लागले. पोट्टं म्हणालं, "मामा, कोनीच कायले हात लावू नका. नुसतं पाहा."

तो मागे गेला. झाकणावर दोन्ही हात ठेवून फिरवलं. आणि आम्ही सगळ्यांनी ऐकलं: स्स्स्स्स. आवाज बाहेर येणारा नव्हता, आत जाणारा होता. कोणीतरी कधीचा रोखून धरलेला श्वास घेतल्यासारखा. पन्नी भोकात आत ओढली जाऊन वाटीसारखी झाली होती.

"झाकनाले बारीक झडप असते सर. पेट्रोल जेवढं कमी होते तेवढी हवा आत घ्याले. तुमी तिचं नाकच दाबलं. पंप किती वढन? फुल्ल टाकीत हवेची जागाच इवलीशी, मनून लवकर दम लागते. उभी राह्यली का फटीतून हळूहळू हवा जाते, दहा-पंधरा मिन्टानं मंग चालू."

मी काहीच बोललो नाही. माझ्या डोळ्यांसमोर तो पत्र्याचा डबा चेपत होता आणि आठवी ब टाळ्या वाजवत होती.

"म्हणजे पोळ्याच्या दिवशी..." बायको म्हणाली.

"मामानं फुकलं ना टाकीत? तेच तं खरं औषध. हवा भरली."

याचा अर्थ मामांच्या मनात उतरायला दोन सेकंद लागले. मग चेहरा उजळला. पोट्ट्यानं सेल मारायला सांगितलं, काटा ठुमकत वर गेला, साठ, शंभर, एकशे चाळीस, एकशे ऐंशी. त्यानं ती निळी पन्नी चिमटीत धरली आणि विचारलं, "हे कोनं लावली होती?"

मी रस्त्याकडे पाहिलं. बायकोनं मामांकडे पाहिलं. मामांनी पन्नी त्याच्या हातून घेतली, उजेडात धरून उलटीसुलटी केली, वास घेतला.

"हे काय हाय?" त्यांनी पोट्ट्याला विचारलं.

"पन्नी."

"पन्नी म्हंजे काय? सोनं हाय, का चांदी हाय? ग्रामपंचाईतची गाडी आली तं तू हे कशात टाकशीन?"

"कचऱ्यात."

मामा आमच्याकडे वळले. तीन महिने काय सांगून राह्यलो होतो, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं, म्हणून ते म्हणाले नाहीत.

त्यानंतर पुष्कळ वर्षं गेली. आता गाड्यांचा पंप टाकीतच बुडालेला असतो. किल्ली फिरवली की मागच्या सीटखालून दोन सेकंद झूं ऐकू येतं, प्रेशर पाव किलोवरून तीन किलोवर गेलं आहे, आणि तो पंप गार ठेवायचं काम आतलं पेट्रोलच करतं, म्हणून सदा रिझर्व्हवर गाडी पळवणाऱ्याचा पंप लवकर जातो. तेच पोट्टं आता मोठा मिस्त्री आहे, त्याच्याकडे खरं गेज आहे, संगणकाला जोडायची वायर आहे. पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळतात हे मामांना कोणीतरी सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "पयले टाकीत कचरा जात होता, आता दारू जाते. इंजिन तरी काय करन?" परवा एका नव्या गाडीपाशी ते मागची सीट उचलून टेस्टर लावून ऐकत होते. मालक, शहरातला कोणी, अवघडून उभा.

त्या दिवशी मात्र परत निघताना मामांनी पन्नी फेकली नाही. पायजाम्याला पुसली, चार घड्या घातल्या आणि टेस्टरच्या मागे खिशात ठेवली. मी म्हटलं, मामा, आता कशाला?

"चांगली हाय," ते म्हणाले. "घरमालकाच्या लूनाच्या टाकीत पानी जाते म्हने."